बेळगावात ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम नेमकं काय? फिजिओथेरपीच ना?

नाही, आणि हा गैरसमज मला रोज दूर करावा लागतो. फिजिओथेरपीचा भर ताकद, तोल, चालणं यांवर असतो. आम्ही विचारतो, घरी गेल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं?

खानापूरकडच्या एका आजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला भाकरी थापूस पायजे." मग तेच ध्येय. परात घसरू नये म्हणून खाली ओला टॉवेल, बसायला उंच स्टूल. सुरुवातीला उजवा हात फक्त परात धरायला, थापणं डाव्यानं. उजव्या हाताला चटका कळत नव्हता, म्हणून तवा बरेच दिवस सुनेकडे. पहिली भाकरी काठाला फाटली, तरी आजींनी ती सगळ्यांना दाखवली. असे दिवस मला फार मोलाचे वाटतात.

लहान मुलांचं काम वेगळं: सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींत येणारा अडथळा), ऑटिझम, पेन्सिल धरणं, बटण लावणं.

शिक्षण म्हणाल तर बारावी सायन्सनंतर बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साधारण साडेचार ते पाच वर्षं. भारतातला पहिला कोर्स १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमला निंबकरांनी सुरू केला.

इथे काम करायचं तर कन्नड शिकाच. 'नोवू' म्हणजे दुखणं, एवढा शब्द कळला तरी पेशंट मोकळा होतो. आणि एकदा तरी पेशंटचं घर बघून या. न्हाणीचा उंबरा दवाखान्यात दिसत नाही.