पाळी बंद करणाऱ्या इंजेक्शनानंतर जीव का घाबरतो?

“हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून जीव घाबरतो. डोकं फिरतंय का माझं?” समुपदेशनात हा प्रश्न बऱ्याचदा येतो. विचारणाऱ्या ताई 34 वर्षांच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी-वाढ बाहेर होणं), त्यातून अंडाशयात झालेल्या चॉकलेट सिस्टचं दुर्बिणीतून ऑपरेशन, मग दर महिन्याला पाळी बंद करणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, 3.75 मिलिग्रॅम. दुसऱ्या डोसनंतर पहाटे तीनला दचकून जाग, छातीत धडधड, दिवसा चिडचिड. घरचे म्हणत, “विचार नको करूस.” हे सांगून कुणाचे विचार थांबले आहेत?

या इंजेक्शनातून अंगात स्त्री-हार्मोन जात नाही. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करतं, त्यामुळे अंडाशयाचं काम थांबतं. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उलट वाढतं, मग महिनाभरात पाळी गेलेल्या बाईइतकं खाली येतं. एरवी ज्याला काही वर्षं लागतात, ते इथे काही आठवड्यांत उरकतं. इस्ट्रोजेनचा सेरोटोनिन या मनःस्थितीशी संबंधित मेंदूतल्या रसायनावर परिणाम होतो आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनपासून मेंदूला शांत करणारा अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनतो. ही दोन्ही हार्मोन एकदम आटतात.

सगळ्यांना हा त्रास होत नाही. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाळीआधी मनःस्थिती बिघडणाऱ्या अनेक स्त्रियांना याच औषधाने बरं वाटलं, आणि हार्मोन परत दिल्यावर त्रास परतला. असा त्रास नसलेल्यांना काहीच झालं नाही. म्हणून पाळीआधीची चिडचिड आणि बाळंतपणानंतरची उदासी यांची चौकशी आधी करायची.

ताईंना दोन आठवडे वहीत नोंद करायला सांगितली: जाग कधी आली, आधी घाम की आधी भीती, धास्ती 0 ते 10 मध्ये किती, चहा किती वाजता. बहुतेक रात्री क्रम एकच निघाला. मानेतून वाफा, घाम, धडधड आणि मग “काहीतरी वाईट होणार”. भीती शेवटी येत होती! वाफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पांघरूण बाजूला, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मोबाइल हातात घ्यायचा नाही. दुपारनंतर चहा बंद.

स्त्रीरोगतज्ज्ञांना वहीसकट चिठ्ठी दिली. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेट 5 मिलिग्रॅम रोज जोडलं. ही ‘अ‍ॅड-बॅक’ (थोडं हार्मोन परत देणारी) गोळी वाफा कमी करते, हाडंही जपते. पण काहींचं मन प्रोजेस्टोजेननेच (ही गोळी त्याच गटातली) बिघडतं, म्हणून वही चालूच ठेवली. स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करून लगेच सुटका होत नाही. औषधाचा अंमल काही आठवडे राहतो, पाळी सहसा दोन-तीन महिन्यांनी येते. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा.

महिनाभरात पहाटेची धास्ती 8 वरून 3 वर आली. उरलेली काळजी हार्मोनची नव्हती. मूल होईल का, ही होती. पुढची सत्रं त्यावर झाली, नवऱ्यालाही बोलावून.