अकराव्या वचनाच्या आधीची दहा वचनं

"देवानं वचन दिलंय, मग ते पुरं का होत नाही?" हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो. कोणाचा व्हिसा अडकलेला असतो, कोणाला मूल नसतं, कोणाचा मुलगा दारू सोडत नसतो. पण सर्वांत जास्त वेळा तो घेऊन येतात तिशी ओलांडलेल्या अविवाहित मुली. प्रश्न विचारतानाच त्यांच्या मनात दोन उत्तरं तयार असतात: एक तर माझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर देव मला विसरलाय. पहिलं उत्तर मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, चारचौघांत बोलता येतं. दुसरं कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून मग माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणं होतं.

पुढची हकिगत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला करुणा म्हणू या.

करुणा छत्तीस वर्षांची, सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं जुनं ख्रिस्ती घराणं, पणजोबांच्या काळात बाप्तिस्मा झालेलं. वडील शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आईला मधुमेह, धाकट्या भावाच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता करुणाच्या पगारातून जायचा. एका रविवारी उपासनेत नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय वाचून दाखवले: अमक्यांचं ऑपरेशन, तमक्यांची परीक्षा, आणि "आपल्या करुणा सिस्टरच्या लग्नासाठी". ती उठून बाहेर गेली आणि त्यानंतर कित्येक आठवडे चर्चची पायरी चढली नाही. आईनं तिला माझ्याकडे पाठवलं. तक्रार अशी की पोरीचा विश्वास थंडावलाय.

विश्वास थंडावला असता तर तिला एवढा राग आला नसता, असं मला पहिल्याच भेटीत वाटलं.

तिच्याकडे एक वही होती. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांत नव्या वर्षासाठी वचनाचं, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ लिहिलेलं, कार्ड उचलायला देतात. तिनं दरवर्षीचं कार्ड वहीत चिकटवून ठेवलं होतं. त्यांत यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन, दोनदा आलेलं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, तुम्हांला आशा देणारे आहेत, या अर्थाचं ते वचन. आपल्या घराघरांत फ्रेम करून लावलेलं असतं. शिवाय वहीत एका पाहुण्या सेवकाची (उपदेशकाची) भविष्यवाणी तारीख घालून लिहिलेली होती. उपास-प्रार्थनेच्या सभेत त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "वर्षाच्या आत. आणि समुद्रापलीकडून." त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

या सात वर्षांत तिला सल्ला कमी मिळाला नाही. एका बाईंनी एकवीस दिवसांचा उपास सांगितला. तिनं तो नाइट ड्यूटी करत केला आणि वॉर्डात चक्कर येऊन पडली. बाकीच्यांनी बायबलमधल्या सारेची, अब्राहामाच्या बायकोची, गोष्ट सांगितली: देवानं त्यांना मुलाचं वचन दिलं होतं. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभरचा. पंचवीस वर्षं थांबला, तू का थांबू शकत नाहीस? "ताई, सारेला निदान नवरा तरी होता," करुणा मला म्हणाली आणि आम्ही दोघीही हसलो. ही गोष्ट सांगणारे हागारचं, मूल व्हावं म्हणून सारेनं नवऱ्याला दिलेल्या दासीचं, नाव सहसा घेत नाहीत, हे मला नेहमी खटकतं. वचन पुरं करण्याची घाई घरातल्या माणसांनी केली आणि ती निस्तरावी लागली दासीला आणि तिच्या लेकराला. तेही त्याच गोष्टीत लिहिलेलं आहे.

वचनांकडे वळण्याआधी मी झोप, भूक, कामावरचं लक्ष यांची चौकशी केली. जगू नये असं कधी वाटतं का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात भलता विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिनं नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि मग बायबल, असा माझा क्रम ठरलेला आहे. (असं वाटणाऱ्या कोणाच्या हाती हे पडलं तर शासनाची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथं फोन करणं म्हणजे अविश्वास नव्हे.)

मग मी तिला यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय वाचायला सांगितला, पण अकराव्या वचनापासून नव्हे, पहिल्यापासून.

ते एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यानं यहूदाचा राजा यकन्या याला आणि त्याच्याबरोबर हजारो लोकांना यरुशलेमेहून बाबेलला नेलं. त्या बंदिवानांना यिर्मयानं हे पत्र पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, लुटून नेलेली भांडीसुद्धा परत येतील. बाबेलच्या सत्तेखाली राहावं लागेल हे दाखवायला यिर्मयानं मानेवर जू घातलेलं असतं, ते तो काढतो आणि मोडून टाकतो. लोकांना केवढं बरं वाटलं असेल! यिर्मया त्यावर "आमेन, परमेश्वर तसं करो" म्हणतो, पण शेवटी देवाचा निरोप म्हणून सांगतो की तुला देवानं पाठवलेलं नाही, तू लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोस. हनन्या त्याच वर्षी मरतो.

पत्रात यिर्मया लिहितो: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, लेकरं होऊ द्या, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. तुमच्यातल्या संदेष्ट्यांना भुलू नका. बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमच्याकडे लक्ष देईन. हे दहावं वचन. फ्रेममधलं वचन त्याच्या पुढचं.

करुणानं वाचता वाचता हिशोब केला. "छत्तीस आणि सत्तर, एकशे सहा. म्हणजे हे पत्र ऐकणारी माझ्या वयाची बाई परत गेलीच नसणार."

"नसणारच."

"मग हे वचन तिच्यासाठी नव्हतं?"

"होतं. घर बांध, मळा लाव, हे तिलाच सांगितलंय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते रागानं. तिचं म्हणणं असं की मी तिचं वचन हिसकावून घेतलं. मी तिला सरळच सांगितलं की बायबलमध्ये प्रत्येक माणसाचं लग्न होईल असं वचन कुठेही नाही. मी तुला सोडणार नाही, हे आहे. बुद्धी उणी असेल त्यानं मागावी, देव दोष न लावता देतो, हे आहे. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिताना अविवाहित राहण्याला देवाचं दान म्हणतो. (आपल्या मंडळ्यांत त्यावर उपदेश ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.) यिर्मयाच्या पत्रावरून देव कसा आहे ते कळतं: दूर नेलेल्या लोकांनाही तो पत्र धाडतो, त्यांच्या भाजीपाल्याची आणि सुनाजावयांची काळजी करतो. तिच्या लग्नाची तारीख मात्र त्या पत्रात नव्हती. ती तारीख त्या सेवकानं घातली होती.

असं ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण जे देवानं म्हटलंच नाही त्याची वाट पाहत माणूस बसलं, की ते न घडल्याचा दोष शेवटी देवावर जातो. मग जे त्यानं खरोखर म्हटलंय त्याच्यावरचाही भरवसा उडतो. करुणाचं तसंच होऊ लागलं होतं.

पुढे मी तिला वहीच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात देवानं काय म्हटलं, दुसऱ्यात देवाच्या नावानं माणसांनी काय म्हटलं, तिसऱ्यात माणसांनी काय केलं. तिसऱ्या रकान्यात आलेली स्थळं वर्षवार लिहायची आणि प्रत्येकापुढे नकार कोणी, कशासाठी दिला तेही. तिला वाटत होतं स्थळंच आली नाहीत. घरात तसंच बोललं जायचं: "देवाची वेळ आली की स्थळ दारात येईल."

स्थळं आली होती. एका मुलाचं घराणं "मूळचं कोण" हे वडिलांनी शोधून काढलं आणि विषय बंद झाला. बाप्तिस्म्याला चार-पाच पिढ्या झाल्या तरी हा प्रश्न आमच्यातून गेलेला नाही. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेणारी माणसं सोयरिकीच्या वेळी पणजोबांची जात काढतात, हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. एका मुलाला कॅथलिक पंथाचा म्हणून नकार गेला. एकाचा पगार तिच्यापेक्षा कमी होता. एक विधुर होता, त्याला लहान मुलगी होती; त्याच्याविषयी करुणाला कोणी सांगितलंही नव्हतं, आत्याकडून नंतर कळलं. आणि श्रीरामपूरकडचा एक शाळामास्तर होता, त्याला नकार खुद्द करुणानं दिला होता. कारण लिहिताना तिचा हात थांबला. तो समुद्रापलीकडचा नव्हता.

हे पान भरायला तिला पुष्कळ दिवस लागले. ती ते माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "यात देवानं उशीर केलेला मला एकही दिसत नाही."

हे वाक्य फार पुढे ताणू नये, असं मला वाटतं. प्रत्येक उशिरामागे माणूसच असतो असं नाही. काही दारं का उघडत नाहीत ते कोणालाच कळत नाही, आणि तिथं कारण शोधत बसलं की पीडितालाच दोष दिला जातो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी तेच केलं. पण "देवाची वेळ" या शब्दांखाली बापाचा हट्ट, मंडळीतली जात आणि घरखर्चाची सोय झाकली जात असेल तर ते आधी उघड करायला हवं.

घरखर्चाचा विषय वडिलांबरोबरच्या भेटीत निघाला. करुणाची इच्छा होती म्हणूनच मी त्यांना बोलावलं. गृहस्थ सभ्य, शब्दांना तोलणारे. आधी म्हणाले, "बाई, मुलीचं लग्न परमेश्वराच्या हातात असतं. आपण कोण?" करुणानं पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून शिक्षकाच्या सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचलं. विधुराच्या ओळीवर थांबले. "हे तुला कोणी सांगितलं?" एवढंच विचारलं. बऱ्याच वेळानं म्हणाले की पोरगी गेल्यावर हप्ता कोण भरणार, हा विचार मनात यायचा. तो बोलायची लाज वाटायची, म्हणून प्रार्थना करत राहिलो. मला त्यांचा राग आला होता, तो त्या क्षणी थोडा कमी झाला. करुणाचा झाला नाही, आणि व्हायलाच हवा असं मी तिला म्हटलं नाही.

तिच्या पुढच्या भेटींत आम्ही प्रार्थनेवर काम केलं. मुदत घालून प्रार्थना करायची तिला इतकी सवय झाली होती की मुदतीशिवाय काय बोलायचं ते कळेना. मी तिला बायबलमधलं तेरावं स्तोत्र दिलं. दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर?" असं विचारतो, आणि त्या प्रश्नाला स्तोत्रात तारखेचं उत्तर येत नाही. शेवटी तो गातो, पण प्रश्न खोडत नाही. सात वर्षं मंडळीसमोर साक्षीला उभं राहून "प्रभू करणार आहे" म्हणणाऱ्या मुलीला "कोठवर?" असं मोठ्यानं म्हणायची मुभा लागत होती. ती रुग्णालयाच्या गच्चीवर जाऊन म्हणायची, असं तिनं सांगितलं.

एकदा तिनं विचारलं, "आणि झालंच नाही तर? कधीच?"

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची लांबलचक यादी आहे. तीत अब्राहामासारख्यांविषयी म्हटलंय की हे सगळे वचनांचं फळ हाती न येताच मेले, त्यांनी ते दुरून पाहिलं. मी तिला ते वाचून दाखवलं, आणि होईल की नाही ते मला माहीत नाही असंही सांगितलं. पस्तिशीनंतर मूल होण्याची शक्यता कमी होत जाते, हे नर्स असल्यानं तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते दुःख खरं होतं, आणि सारेचं नाव घेऊन ते बुजवणं मला जमलं नसतं. त्या दिवशी ती रडली, आणि आम्ही दुसरं काही काम केलं नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. लग्न होईल तेव्हा पाहू म्हणून तिनं दोनदा नाकारलेली पदोन्नती या वेळी घेतली आणि पुण्याला बदली झाली. तिथं एका खोलीचा फ्लॅट तिनं स्वतःच्या नावावर बुक केला. भावाचा हप्ता आता भाऊ भरतो. पहिले दोन महिने चुकले, तेव्हा आईनं तिला फोन केला, तिनं पैसे पाठवले नाहीत. पाळकसाहेबांना भेटून तिनं सांगितलं की माझं नाव यादीत वाचू नका, मला विचारून प्रार्थना करा. त्यांनी ऐकलं, आणि तेव्हापासून कोणाचंच नाव त्यांच्या परवानगीशिवाय ते वाचत नाहीत. तो पाहुणा सेवक पुन्हा सभेला आला होता, असं तिच्या आईकडून कळलं. करुणा गेली नव्हती.

लग्न झालेलं नाही. ख्रिस्ती वधू-वर मेळाव्यात तिनं या वेळी आपलं नाव आपणच नोंदवलं, अर्जातला मंडळी आणि पोटजात हा रकाना रिकामा ठेवून. संगमनेरकडच्या एका घरून विचारणा आली तेव्हा वडिलांनी फोनवर सवयीनं विचारलं, "मूळचे कोण?"

"पप्पा," ती म्हणाली, "ते विचारायचं नाही असं ठरलंय ना? मुलगा काय करतो ते विचारा."

त्यांनी ते विचारलं.