आजोबांच्या ट्रंकेतलं लष्करी रिव्हॉल्व्हर

महाल भागातल्या वाड्यात आजोबांच्या ट्रंकेत मधून मोडणारं (काडतुसं भरायला बिजागरीवर नळी खाली झुकते असं) लष्करी रिव्हॉल्व्हर निघालं, ते कोणतं आणि संग्राहक किती देतील, असं तुम्ही विचारलंय. आधी एक कळकळीची विनंती: ते भरलेलंच आहे असं समजा, चापाला बोट लावू नका आणि पिशवीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका. विनापरवाना हत्यार बाळगणं हाच गुन्हा आहे. वकिलाशी बोला, ठाण्यात कळवा. शस्त्र कायद्याच्या कलम 21 नुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं.

आता ओळख. वरच्या पट्टीवर मार्क 6 (म्हणजे सहावी आवृत्ती) असेल, नळी 6 इंची आणि मुठीचा तळ चौकोनी असेल, तर ते 1915 पासूनचं .455 चं (नळीचं माप, इंचात) ब्रिटिश बनावटीचं वेब्ली. त्याआधीच्या मार्कांची मूठ गोलसर वळलेली असते. उजवीकडे मुकुट, एनफिल्डचं नाव, नंबर 2 आणि साल असेल, तर ते .38 चं (म्हणजेच .380) एनफिल्ड, हेही ब्रिटिश. त्याच्या घोड्याला (काडतुसावर आदळणाऱ्या मागच्या भागाला) अंगठ्याने ओढायचा वरचा काटा नसेल तर बहुधा 1938 नंतरचा मार्क 1 स्टार. बाणाच्या खुणेखाली इंग्रजी आय हे अक्षर म्हणजे भारत सरकारची मालमत्ता. अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं दिसलं, तर ती वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांची नक्कल असू शकते.

संग्राहक आधी नंबर बघतो. चौकटीवरचा आणि चकरीवरचा (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावरचा) एकच हवा. मग मूळ निळसर रंग. माझ्या मामांनी असंच एक, रीतसर परवान्याचं, पॉलिश करून आरशासारखं केलं होतं. खुणा पुसट झाल्या आणि जाणकाराने ते बाजूला ठेवलं. मला अजून हळहळ वाटते. तुम्ही फडकंही मारू नका. अमेरिकेत .45 ची काडतुसं बसावीत म्हणून अनेक वेब्लींची चकरी मागून तासली गेली, त्यांनाही मोल कमीच.

रुपयांतला आकडा मी देत नाही, कारण परदेशी लिलावांचे भाव इथे लागू नाहीत. .380 आणि .455 हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीची मापं) आहेत. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते ना ठेवता येतं, ना विकता येतं. दुरुस्त करूनही चालणार नाही असं पुरातन हत्यार असेल तर कलम 45 ची सूट मिळू शकते, पण ते तुम्ही घरी ठरवू नका.

ट्रंक मात्र पुन्हा तळापासून चाळा. आजोबांचा जुना परवाना, पलटणीचा कागद, गणवेशातला फोटो, काहीही. वारसाहक्काचा अर्ज करायचा झाला तर शहरात पोलीस आयुक्तालयात पहिल्यांदा तो परवानाच मागतील.