गेज लावून बघ

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आपोआप चालणाऱ्या चुंबकाच्या मोटरची फाईल वाचली. बेचाळीसच्या बेचाळीस पानं. तुझे आप्पा म्हणाले होते, "नुसती चाळा," पण मला चाळायची सवय नाही. फाईलच्या पाठोपाठ मध्यरात्री पाठवलेला तुझा मेसेजही वाचला. "काका, मी खरंच वेगळा आहे का डोक्यावर पडलोय, एकदा स्पष्ट सांगा." मला लिहायला बसवलं ते फाईलनं नाही, त्या ओळीनं.

स्पष्टच सांगायचं तर मला हा प्रश्नच पटत नाही. मी वेगळा आहे का, माझी बुद्धी लोकांना झेपत का नाही, असल्या प्रश्नांना लावायला जगात कुठलंही माप नाही. आणि ज्याला माप नाही त्या प्रश्नावर माणूस वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. तू दोन वर्षं बसलायसच. मला विचारायचं तर एवढंच विचार, "काका, हे बसतंय का?" त्याचं उत्तर मी उभ्याउभ्या देतो.

बसत नाही. पान १७ काढ. बेअरिंग ६२०४ लिहिलंयस. ६२०४ चा बोअर, म्हणजे आतलं भोक, २० मिलिमीटर, कुठल्याही कंपनीचं घे, वीसच. त्याच्याच शेजारी शाफ्ट काढलायस २२ चा. म्हणजे ऊर्जेचे नियम मोडायचं पुढचं पुढं, आधी तुझा शाफ्ट बेअरिंगमध्ये जात नाही. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ती मुभा, तर बेचाळीस पानांत एकाही मापाला दिलेला नाही. मात्र पान ४ वर "ही मोटर देशाचं वीजबिल शून्यावर आणेल" हे वाक्य ठळक अक्षरांत आहे.

चुंबकाचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील काकांनी मुद्दा टाळला. चुंबक जवळ येताना जेवढं ओढतं तेवढंच लांब जाताना धरून ठेवतं. एक फेरा पुरा झाला की जमाखर्च शून्य, वर बेअरिंगचं घर्षण तुझ्या खिशातून. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ सालीच ठरवून टाकलं की आपोआप चालत राहणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढं बघायचेच नाहीत. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) वाच. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा शोध म्हणून धरलाच जात नाही. तू पेटंट ऑफिसवर लिहिलेली दोन पानं मी सोडून दिली. ते लोक तुझ्यावर जळत नाहीत रे.

आता मूळ दुखणं. कुपवाडच्या ज्या कारखान्यात आप्पांनी शब्द टाकून तुला चिकटवलं होतं, ते तू आठवड्यात सोडलंस. का, तर "मला तिथं दिवसभर बुश, त्या शाफ्टवरच्या पोकळ नळ्या, तपासायला बसवलं." हे मला सांगताना तुझा चेहरा असा होता, जणू तुला कुणी शेण काढायला लावलं. (शेण काढण्यातही काही कमीपणा नाही, पण तो वेगळा विषय.)

तुझ्या हातात तिथं काय दिलं होतं ते तू नीट बघितलंस तरी का? प्लग गेज. दोन तोंडांचा दांडा, एका अंगाला "गो", दुसऱ्या अंगाला "नो गो". ड्रॉइंगवर बोअरची मुभा २० एच-सेव्हन अशी लिहिली असेल तर वीसला पुरा, आणि वर जास्तीत जास्त २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश. डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉन धर, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी मुभा. गो आत गेला पाहिजे, नो गो अडला पाहिजे. दाबायचं नाही, पिळायचं नाही, आपल्या वजनानं जाईल तेवढंच. गो गेला नाही तर जॉब, म्हणजे तो तपासायचा नग, परत मशीनवर. नो गो गेला तर थेट भंगारात. हा जॉब कुणी केला, तो कुठल्या कॉलेजचा, त्याच्या डोक्यात काय काय चाललंय, यातलं गेज काही विचारत नाही. मला आयुष्यात त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस भेटला नाही. माणूस म्हणालो, असू दे.

तुला बुद्धीचा माज आहे असं आप्पांना वाटतं. मला नाही वाटत. तुला भीती आहे. फाईल कधी भंगारात जात नाही, जॉब जातो. म्हणून तू फाईल करतोस.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डनिंग आणि क्रुगर या दोघांनी १९९९ साली एक अभ्यास छापला. तू तो नक्की ऐकला असशील, दुसऱ्यांना मूर्ख ठरवायला तुमच्या पिढीत तो फार वापरतात. व्याकरण, तर्क, विनोदाची जाण असल्या चाचण्या घेतल्या. खालच्या चौथाईतली मुलं सरासरीनं शंभरात तळापासून बाराव्या पायरीवर होती आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होती. संख्याशास्त्रवाल्यांनी त्या आकड्यांवर पुढं बरेच आक्षेप घेतले, ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मला त्यातलं शेवटचं प्रकरण आवडतं, जे कुणी सांगत नाही. त्यांनी काही मुलांना तर्काची थोडी शिकवणी दिली. त्यानंतर तीच खालची मुलं आपण किती चुकलो हे बरंच नेमकं सांगू लागली. म्हणजे काम शिकल्यावरच त्यांना आपलं माप कळलं. आधी माप कळेल, मग कामाला लागू, असा रस्ताच नाही.

पान २ वर तू रामानुजन यांना आणून बसवलंयस. नापास झाले होते, जगानं ओळखलं नाही, वगैरे. खरंय. पण १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करत होते, आणि १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजचे गणिती हार्डी यांना जे पत्र लिहिलं त्यात पहिल्यांदा काय सांगितलं, तर मी हिशेब खात्यातला कारकून. पुढं पानंच्या पानं सूत्रं. ज्याला ती तपासता येतील अशा माणसाकडं पाठवली, "बघा बसतंय का" म्हणून. मूळ संख्यांबद्दलचे त्यातले काही दावे चुकीचे निघाले, हार्डींनी तसं सांगितलंही. रामानुजन काही तपासणारा बदलायला गेले नाहीत. तू तुझी फाईल कुणाकुणाला दिलीस? दोन मित्र, एक चुलत भाऊ आणि एक पत्रकार. त्यातला एकही ६२०४ चा बोअर सांगू शकणार नाही. गेज लाव म्हणतो ते याच्यासाठी.

आणि लांब कशाला जायचं? किर्लोस्करवाडीवरून तू शेकडो वेळा रेल्वेनं गेला असशील. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते सोडून बेळगावात आले आणि सायकली विकायला लागले, लोकांना सायकल चालवायला शिकवायचे. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, जवळजवळ दोन वर्षं माल पडून. शेतकरी अडाणी आहेत असं लिहून बेचाळीस पानं तेही भरू शकले असते. ते नांगर करत राहिले, तो शेतकऱ्याच्या हाती लागला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या जागेवर कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना उभा राहिला, तीच ही किर्लोस्करवाडी. आणि ते नांगर खेडोपाडी विकत कोण फिरलं माहीत आहे? भाऊराव पाटील. साताऱ्यात शिकवण्या करायचे तेव्हा लोक "पाटील मास्तर" म्हणायचे, मग फिरते विक्रेते झाले, आणि १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. कर्मवीर म्हणून ज्यांच्या पुतळ्याला तू कॉलेजात हार घातलास त्यांनी दारोदार नांगर विकलेत. तुला बुश तपासायची लाज वाटते.

तू म्हणशील, लोखंडाचं ठीक आहे, कल्पकतेला कुठलं गेज? मागं तू हे बोललासही. तर मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन बस एक दिवस. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, सगळं जुळवून तंबोरा उभा राहतो. पण तो बोलतो घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर. घोडीचा माथा कानशीनं घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. जवारी लावणं म्हणतात त्याला. घासणं इतकं बारीक की डोळ्याला फरक दिसत नाही. मी एकदा बघत बसलो होतो. गवई आले, तारेखाली सुताचा दोरा सरकवून बघितला, डोळे मिटून ऐकलं, आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. कारागीर पासष्टीच्या पुढचा. त्यानं हूं की चूं केलं नाही, तार उतरवली आणि कानस घेतली. गवयाचा कान हेच तिथलं गेज. ज्याला ते वाद्य मांडीवर घेऊन गायचंय त्यानं नाही म्हटलं की नाही. कल्पकता आहे म्हणून सवलत नाही.

आता माझ्यावर येशील. तुझ्या काकूचा भाऊ दर दिवाळीला येतो आणि म्हणतो, "दाजी, आयुष्यभर दुसऱ्याची ड्रॉइंगं केलीत." खरं आहे. पंपावर नाव कंपनीचं असतं, आतला बुश कुणी केला हे कुणी विचारत नाही. माझ्या नावाचं एकही यंत्र बाजारात नाही, आणि ते सलत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण ऐक, एका पार्टीनं मला सांगितलं होतं, लॉटमध्ये थोडे बुश मोठ्या बोअरचे गेले तरी चालतील, घाई आहे, पाठवून द्या. नो गो सरळ आत जात होता. मी पाठवले नाहीत. पार्टी गेली, ती वर्कशॉपची सगळ्यात मोठी पार्टी होती. त्या वर्षी थोरलीचं लग्न काढलं होतं, तुझी काकू महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मेव्हण्याला वाटतं तो मूर्खपणा होता. वाटू दे. माझे बुश घातलेले पंप तासगाव, कवठेमहांकाळच्या विहिरींवर चालू आहेत, मी ते कानानं ओळखतो. नाव नसेना का! आणि हे मी तुला का पटवून देत बसलोय? तू थोडाच विचारलंस.

जाऊ दे. तुझं सांगतो. पान ४१. कोपऱ्यात पेन्सिलीनं हळदीच्या पॉलिश ड्रमच्या दाराची खिट्टी काढलीयस, खाली लिहिलंयस "किरकोळ, सवडीनं". बेचाळीस पानांत खरं काम तेवढंच आहे, पोरा. ड्रम फिरताना धक्क्यानं नटबोल्ट ढिले होतात, दार उघडतं, वाळवलेली हळद खाली सांडते, मग लोक बाइंडिंगची तार गुंडाळतात आणि दर घाण्याला ती पक्कडीनं तोडतात. तुझी ती पाचर फिरण्याबरोबर आवळत जाते. निदान कागदावर तरी. हे तुला रागात सुचलं का, मामाच्या रानात सुचलं, मला माहीत नाही, पण डोकं तिथं चाललंय. अर्ध्या हळकुंडानं पिवळा मात्र होऊ नकोस. अजून ती कुणाच्या ड्रमला बसलेली नाही.

माझ्याकडं शेपरवर, धातू तासायच्या मशीनवर, माणूस मोकळा आहे, पत्र्याचे तुकडे पडलेत. खिट्टी करू, आणि तुझ्या मामांच्या ड्रमला लावून एक घाणा काढू. मामा नाही म्हणाले तर नाही. पण त्याआधी तू बुश तपासायला परत जायचंस, मी तिथल्या सुपरवायझरशी बोललोय, तो तयार आहे, तुझ्यावर खूश नाही. सकाळपाळी तिथं, संध्याकाळी माझ्याकडं. पगाराचं माझ्याकडं विचारू नकोस, चहा मिळेल.

येताना ड्रमची मापं घेऊन ये. दाराची पट्टी किती जाडीची, बिजागरी कुठल्या अंगाला, दोन भोकांतलं अंतर किती, आणि भरलेला ड्रम हातानं फिरवून दार तळाला आलं की पट्टी किती लवते तेही बघ. मामांना विचारून लिहू नकोस, ते अंदाजे सांगतात. व्हर्निअर नसेल तर माझा घेऊन जा, पण परत आणून दे. मागचा आप्पांनी नेलेला अजून आलेला नाही.

तुझा,
काका