सीईटीत मैत्रिणीपेक्षा मार्क जास्त, तरी पर्सेंटाइल कमी कसं?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या राज्याच्या सीईटीवर आलेला प्रश्न असा आहे: "आन्सर की लावून माझे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) १२४ मार्क होतात, मैत्रिणीचे ११९. तरी तिला ९६ पर्सेंटाइल आणि मला ९५. तपासण्यात चूक झाली असेल का? आणि एवढ्यावर ठाणे-नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल का? मी ओपनमधली, राहायला कळव्याला."

चूक झालेली नाही. ही परीक्षा अनेक सत्रांत होते, दर सत्राचा पेपर वेगळा, आणि मैत्रीण वेगळ्या सत्रात बसली होती, एवढंच. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका दर निकालाला 'इतके मार्क म्हणजे इतके पर्सेंटाइल' असा तक्ता टाकतात आणि अर्धी बिल्डिंग त्यावर पोरांचं भविष्य ठरवते. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुझ्या सत्रात जितके बसले, त्यांतल्या किती जणांना तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी मार्क आहेत, ते मोजायचं, सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा तुझ्या सत्रात २७,००० बसले आणि १२४ किंवा त्याहून कमी मिळवणारे २५,६५० निघाले, तर तुला ९५. मैत्रिणीच्या सत्रात २५,००० बसले, पेपर अवघड गेला, ११९ किंवा त्याहून कमीवाले २४,००० निघाले, तर तिला ९६. तिच्यापुढे हजार जण, तुझ्यापुढे साडेतेराशे. पाच मार्कांचा फरक पेपरच्या अवघडपणात जिरला. म्हणूनच प्रत्येक सत्रात पहिल्या येणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतात, भले त्याचे २०० पैकी १८० का असेनात. स्कोअरकार्डवर मार्क छापतच नाहीत, त्याचं कारणही हेच.

२०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पेपरातले २१ प्रश्न चुकीचे निघाले. त्या मुलांची ५ मेला फेरपरीक्षा झाली. तो पेपर आणखी वेगळा. असं असताना काकांचा एकच तक्ता सगळ्या सत्रांना कसा लागू पडणार?

स्कोअरकार्डवर आणखी एक ठिकाणी लोक फसतात. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित यांचे तीन पर्सेंटाइल असतात आणि खाली एकूण. तिन्हींची सरासरी काढून 'टोटल जुळत नाही' म्हणून आरडाओरडा करू नका. एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून स्वतंत्र काढतात आणि त्या मार्कांत गणित अर्धं असतं: ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. फिजिक्सला ९८, केमिस्ट्रीला ९७ आणि गणिताला ९१ असलं की एकूण आकडा सरासरीच्या खाली उतरू शकतो.

यंदा बारावीत असलेल्यांनी एवढं लक्षात घ्या. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, प्रश्नाला १०८ सेकंद, पण मार्क दोन. म्हणजे एका मार्काची किंमत दोन्हीकडे ५४ सेकंदच. 'आधी गणित उरकून घ्यायचं' हा काकांचा सल्ला तर अमलातच आणता येत नाही. गणिताचा भाग तोवर कुलूपबंद असतो आणि केमिस्ट्रीत वाचलेला वेळ गणिताला मिळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. प्रत्येक विषयात अकरावीवर साधारण दहा प्रश्न असतात आणि तेही ठरावीक धड्यांवरच. अकरावीचं अख्खं पुस्तक घोकत बसलात तर बारावीचे चाळीस हातचे जातील.

आता कॉम्प्युटर मिळेल का. पीसीएमला बसणारे चार लाखांच्या घरात आहेत, म्हणजे एका पर्सेंटाइलमागे चार हजार मुलं. ९५ आणि ९५.५ मध्ये दोन हजार जण उभे असतात. त्यामुळे '९५ ला मिळेल का' असं विचारून काही हाती लागत नाही. मेरिट नंबर बघ आणि गेल्या वर्षीची कॅप राउंडची (म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची) कटऑफ यादी उघड. यादीच्या प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं. चौकटीच्या डोक्यावरचा कोड वाचता आला पाहिजे. जी-ओपन-एच: जी म्हणजे जनरल, ओपन ही कॅटेगरी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी, एस असेल तर राज्यभरासाठी. सुरुवातीला एल असेल तर मुलींसाठी. तू ठाणे जिल्ह्यातून बारावी केली असशील तर तुझं होम मुंबई विद्यापीठ. तुला जी आणि एल दोन्ही रकाने बघायचे आहेत. वाशीचं ॲग्नेल, नेरूळचं एसआयईएस, ऐरोलीचं दत्ता मेघे, कासारवडवलीचं ए. पी. शाह, पनवेलचं पिल्लई, प्रत्येकाची ओळ स्वतः काढ. अर्धा तास लागेल.

हा रकाना चुकला की काय होतं ते सांगते. आमच्याच बी विंगमधली मुलगी, २०२५ ची बॅच, पर्सेंटाइल ९४ च्या आसपास. मनात होतं नवी मुंबईतलं एक कॉलेज, कॉम्प्युटर. यादी उघडली ती ओच्या रकान्यात. तिथे आकडा ९५ च्या वर. झालं, घरात शोककळा. शेजारच्याच एचच्या रकान्यातला आकडा तिच्यापेक्षा कमी होता, तो कोणी पाहिलाच नाही. काका फॉर्म भरायला हजर. त्यांचं एकच म्हणणं, 'वर सेफ टाक, हातची सीट जाता कामा नये.' मग पहिल्या नंबरवर घराजवळचं एक कॉलेज आणि मनातलं कॉलेज चौथ्यावर.

पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला आणि सीट आपोआप फ्रीज, म्हणजे कायम झाली. त्या वर्षीचा नियमच तसा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, की तो घ्यायचा, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. चौथ्या पर्यायाकडे संगणकाने बघितलंसुद्धा नाही. तिच्या मनातल्या कॉलेजचा एचचा आकडा त्याही वर्षी तिच्या खालीच उतरला. यावर काकांचं उत्तर, 'निदान रिक्षाचे पैसे वाचले.'

म्हणून हे पक्कं धरून चाल, काका काहीही म्हणोत. सीट देताना संगणक मेरिटप्रमाणे एकेकाचा फॉर्म घेतो आणि वरून खाली वाचत जातो. जो पहिला पर्याय तुझ्या मेरिटला शिल्लक असेल तो देतो. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या सोप्या कॉलेजातला तुझा हक्क कमी होत नाही. वरचं मिळालं नाही तर तो खाली सरकतो, एवढंच. फॉर्म कटऑफच्या क्रमाने भरायचा नसतो, मनाच्या क्रमाने भरायचा असतो. सेफ कॉलेजं हवीतच, पण तळाला. आणि पहिल्या सहांत असं एकही नको जिथे जायचं नाही. कळव्याहून ठाण्याला येऊन पनवेल लोकल रोज पकडणं जमणार आहे का, हेही फॉर्म भरण्याआधी ठरव, नंतर नाही.

आता राहिलेलं. वरचं सगळं पीसीएमचं आहे. पीसीबीला बायोलॉजीचे १०० प्रश्न असतात आणि गणित नसतं. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत येतो, मराठी माध्यमाच्या मुलांनी सराव इंग्रजीत करावा. ट्यूशन फी माफीच्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तो वेगळा पर्याय म्हणून भरावा लागतो, आपोआप मिळत नाही. बारावीला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० लागतात, तिथे सीईटीचे ९९ असले तरी उपयोग नाही. फ्रीजचे नियम मी २०२५ चे लिहिलेत. तुझ्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या साइटवरून उतरवून घे आणि कॅपचं प्रकरण स्वतः वाच. काकांनी यंदाचा तक्ता कालच टाकला आहे, तो मात्र उघडू नकोस.