आजोबांचा वस्तरा: चकाकी नंतर, आधी धार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा वस्तरा सापडला, पात्यावर तांबूस गंज आणि काही काळे ठिपके आहेत. 1000/6000 चा दुतोंडी दगड (आकडा मोठा तितके कण बारीक) आणला, 6000 च्या बाजूवर बराच वेळ घासलं, तरी वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतोय. आणि आता पातं चमकवायला ड्रिल मशीनला बफ (चकाकी आणणारं कापडी चाक) लावायचा विचार चाललाय.

बफ राहू द्या. धारेकडचं पोलाद इतकं पातळ असतं की फिरत्या चाकाखाली ते क्षणात तापतं. 200 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. धारेजवळ निळसर झाक दिसली तर तेवढा भाग कायमचा मऊ झाला म्हणून समजा. मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. शिवाय चाकाने पातं पकडून भिरकावलं तर ते कुठे जाऊन रुतेल याचा नेम नाही.

गंजाचं म्हणाल तर तांबूस थर हलक्या तेलाने आणि 1000 च्या वॉटर पेपरने हाताने निघतो. पातं सपाट लाकडावर टेकवून, धारेला चिकटपट्टी लावून घासा आणि बोट पाठीकडून धारेकडे, पण धारेच्या अलीकडेच थांबवा. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा नक्षी असेल तर तिथे पेपर लावूच नका, ती लगेच पुसली जाते. काळे ठिपके म्हणजे खड्डे. पात्याच्या मध्यावर असतील तर असू देत, दाढीला त्यांचा काही त्रास नाही. पण ऐन धारेवर भिंगातून खड्डा दिसला तर तिथे धार तुटक राहणार. तो संपेपर्यंत पोलाद घालवायची तयारी हवी. धारेतून वर चढणारी बारीक चीर दिसली तर मात्र तो वस्तरा फक्त आठवण म्हणून ठेवा.

मूठही एकदा नीट बघा. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं मुठीत मिटलेलं असतं तिथेच गंज धरतो. तसं असेल तर मूठ बदलल्याशिवाय पुढच्या मेहनतीला अर्थ नाही. (सेल्युलॉइड भसकन पेटतं, विस्तवापासून लांब ठेवा.) शिंगाची किंवा लाकडाची असेल तर अख्खा वस्तरा पाण्यात भिजत घालू नका, मूठ वाकते.

आता तुमची खरी अडचण. 6000 चा दगड धार घडवत नाही, घडलेली धार गुळगुळीत करतो. धार घडते ती 1000 वर, आणि तुम्ही नेमकी तीच पायरी सोडलीत. धारेच्या दोन बाजूंचे उतार एका रेषेत भेटलेलेच नाहीत, मग 6000 वर दिवसभर घासलं तरी बोथट कडाच चमकणार.

वस्तऱ्याला कोन शोधावा लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो, बहुतेक वस्तऱ्यांत एकूण 16-17 अंशांच्या आसपास. पाठ जरा जरी उचलली तरी सगळा हिशेब बिघडतो. सुरुवातीआधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर सगळ्या रेषा जाईपर्यंत तो घासा. खोलगट दगडावर सरळ धार येत नाही.

मग दोन्ही उतारांना काळा मार्कर लावा आणि 1000 वर, धार पुढे ठेवून, चार-पाच हात मारा. शाई जिथे उरली तिथे पातं दगडाला लागतच नाहीये. जुनी पाती क्वचितच सरळ असतात, म्हणून पातं सरळ पुढे न ढकलता तिरपं सरकवत न्या, म्हणजे आधी मुठीकडचा भाग आणि शेवटी टोक दगडावर येईल. जोर पात्याच्या वजनाहून थोडाच जास्त, आणि शेवटी तेवढाही नको. एका बाजूला मारले तेवढेच हात दुसरीला. यातच तास जाईल, जाऊ द्या. मग दिव्याखाली धार वर करून बघा: कुठेही पांढरा ठिपका चमकला तर तिथे ती अजून बोथट आहे. टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) टोकापर्यंत प्रत्येक भागाने हातावरची लव त्वचेलगत सहज कापली, की मगच दगड उलटा.

6000 नंतर लगेच दाढी केलीत तर जळजळ होईल. 8000 किंवा 12000 चा दगड मिळाला तर उत्तम. नाहीतर सपाट बाल्सा लाकडावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट अगदी पातळ लावून दहा-पंधरा हात पुरतात. शेवटी चामड्याचा पट्टा, ताणून धरलेला, 50-60 हात. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. वळवताना पातं पाठीवर लोळवायचं, धारेवर वळवलंत तर पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल.

दाढीआधी पातं 70% आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लीच नको, पोलाद खातं. पहिल्यांदा फक्त गालावर, त्वचेशी साधारण 30 अंशांत धरून बघा. सगळीकडेच ओढत असेल तर परत 1000 वर या. एकाच जागी ओढत असेल तर तेवढा भाग मार्कर लावून पुन्हा तपासा.