इंजिन नंबरची पट्टी आधी शोधा, पाचव्या गिअरचे नंतर पाहू

नमस्कार. वडिलांची १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छत उघडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तुम्ही पुण्यात कर्वेनगरच्या घरच्या गॅरेजमध्ये खोलली आहे. ब्लॉक बोअरिंग करून आणून रंगवलाही आहे, आणि पाच गिअरची गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक इग्निशन व विजेवर चालणारा पंखा यांपैकी आधी काय बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. आरसीची मुदत संपत आली आहे, पण ते काम गाडी तयार झाल्यावर पाहू, असेही शेवटच्या ओळीत लिहिले आहे. उत्तर देतोच, पण त्याआधी तुमच्या फोटोविषयी बोलणे भाग आहे. स्टँडवरच्या ब्लॉकच्या उजव्या अंगाला, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात तो डिस्ट्रिब्यूटर जिथे बसतो त्या बाजूला, हेडच्या खाली दोन बारीक भोके रिकामी दिसत आहेत. तिथे इंजिन नंबरची पट्टी असते. ती रंगकामासाठी काढून तुम्ही नीट ठेवली असेल, तर पुढचा अर्धा मजकूर तुमच्यासाठी नाही. ती नेमकी कुठे आहे हे तुम्हाला या क्षणी सांगता येत नसेल, तर मात्र हातातला पाना खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

माझी गाडी १९६५ ची आहे. मामांनी ती १९७१ मध्ये इंग्लंडहून परतताना बोटीने आणली आणि पुढे माझ्या नावावर केली. २०२१ च्या पावसाळ्यात मी इंजिन उतरवले. ब्लॉक भोसरीला बोअरिंगसाठी पाठवायचा होता आणि तिथे तो आधी कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवणार होते, म्हणून ती पातळ पट्टी खराब होऊ नये एवढ्याच काळजीने मी तिचे दोन खिळे ड्रिलने उडवले. पट्टी कागदात गुंडाळून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवली. त्याच डब्यात जुने वॉशर, इग्निशनचे झिजलेले पॉइंट आणि दोन फुटकी फ्यूजधारके होती. डब्यावर मी काहीही लिहिले नाही. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक कोणती, असे कोणी विचारले, तर ती हीच. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा भंगारवाल्याकडे गेला. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात भंगाराखेरीज काहीच दिसले नसते.

पट्टी गेल्याचे कळले तेव्हाही मला त्याचे गांभीर्य उमगले नव्हते. नंबर आरसीवर लिहिलेला आहे, मग पत्र्याच्या तुकड्यावाचून काय अडणार, असे मी समजत होतो. अनेक गाड्यांत इंजिन नंबर ब्लॉकच्या धातूतच ठोकलेला असतो. या इंजिनावर तो केवळ त्या पट्टीवर आहे, पट्टी गेली की ब्लॉक निनावी होतो, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला येणारा निरीक्षक आधी चेसिस आणि इंजिनाचा नंबर डोळ्यांनी पाहतो, मग पेन्सिलने कागदावर त्याची छाप घेतो. मार्च २०२२ मध्ये माझ्या गाडीच्या तपासणीच्या दिवशी चेसिसची छाप निघाली. इंजिनाच्या जागी निरीक्षकाला दोन भोके आणि त्यांभोवती मी मोठ्या प्रेमाने दिलेला लाल रंग मिळाला. त्याने अर्ज परत केला. त्यात त्याचे काहीच चुकले नाही, हे आज मान्य करतो.

पुढचे दीड वर्ष ज्या सरकारी कार्यालयात गेले त्याचे नाव मी घेत नाही, आणि ते विचारूही नये ही विनंती. पहिल्या खिडकीवर सांगितले की पट्टी हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणा. चौकीत विचारले गेले की घरच्यांनीच वस्तू भंगारात दिली असेल, तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध लिहायची. प्रतिज्ञापत्र करून आणि तीन खेपा घालून दाखला मिळवला, तेव्हा दुसऱ्या टेबलावर कळले की निरीक्षकाचा अहवाल असल्याशिवाय हा दाखला फाइलला लावता येत नाही. निरीक्षकाचे म्हणणे असे की फाइलवर आदेश असल्याशिवाय अहवाल देता येत नाही. दरम्यान एका अधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्यांना फाइल सापडेना. मधल्या काळात १ एप्रिल २०२२ उजाडला, आणि पंधरा वर्षांहून जुन्या आयात मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १५,००० रुपयांवरून ४०,००० रुपयांवर गेले. म्हणजे पट्टी जागेवर असती, तर त्याच मार्चमध्ये माझे २५,००० रुपये वाचले असते. या आकड्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि त्या कार्यालयावर काढतो तितकाच तो मी स्वतःवरही काढतो.

याच काळात रविवार आणि बुधवार असे दोन्ही दिवस मी जुन्या बाजारात फिरत होतो. डबा सापडेल अशी वेडी आशा होती. डबा मिळाला नाही, पण एका गृहस्थाने हुबेहूब पट्टी पाचशे रुपयांत करून देण्याची तयारी दाखवली, आणि आणखी दोघांनी मला तेच सुचवले. तुम्हालाही कोणीतरी नक्की सुचवेल. माझे स्पष्ट मत आहे की असे काही करू नये. तशी पट्टी इंग्लंडमधले सुटे भाग विकणारेही बनवून देतात, परंतु आपल्याकडे कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय ओळखीचा नंबर स्वतः ठोकणे हा हौशी दुरुस्तीचा भाग राहत नाही. तो सरळ गुन्ह्याचा विषय होतो, आणि उद्या गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना तो उघडा पडू शकतो.

शेवटी उपयोगी पडले ते दोन कागद. इंग्लंडमध्ये गेडन येथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, आणि या गाड्या जिथे बनल्या त्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातल्या उत्पादनाच्या नोंदी त्यांच्या संग्रहात आहेत. चेसिस नंबर आणि मालकीचा पुरावा पाठवला की ते शुल्क घेऊन हेरिटेज प्रमाणपत्र देतात, आणि त्यात गाडी केव्हा बनली, मूळ रंग कोणता होता आणि मूळ इंजिनाचा नंबर काय होता हे असते. मी ते मागवले आणि मोठ्या आशेने दाखल केले, तर नवीनच अडचण निघाली. क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेल्या या इंजिनांचा नंबर १८जीबी या खुणेने सुरू होतो. आमच्या आरसीवर, बहुधा कोणत्या तरी नूतनीकरणाच्या वेळी, लिहिणाऱ्याने इंग्रजी बी या अक्षराचा आठचा आकडा केला होता. मामांनी ते कधी पाहिले नाही आणि मीही नाही, कारण दर वेळी निरीक्षक पट्टी पाहून पुढे जात असे. आता मात्र प्रमाणपत्र एक सांगत होते आणि आरसी दुसरे, तेव्हा ही दोन वेगळी इंजिने आहेत, असा निष्कर्ष खिडकीवर काढण्यात आला. मामांच्या ट्रंकेत १९७४ ची विम्याची पॉलिसी सापडली आणि तिच्यात टंकलिखित नंबर बिनचूक होता. हे तिन्ही कागद एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटे वाचले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निरीक्षकासमोर ब्लॉकवर नंबर ठोकण्याचा आदेश निघाला. त्या अधिकाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचायला अठरा महिने का लागावेत, हा प्रश्न वेगळा.

त्यामुळे तुम्हाला माझा सल्ला असा की आज रात्रीच आरसी, जुन्या पॉलिसी आणि बॉनेटखालची चेसिसची पट्टी एकत्र पाहून प्रत्येक अक्षर जुळवा. पट्टी हाताशी असेल, तर तिचा फोटो शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवून काढा. वडिलांचे जुने कागद कितीही निरुपयोगी वाटले तरी टाकू नका. गेडनचे प्रमाणपत्र गरज पडण्याआधीच मागवून ठेवा. मी वकील नाही, निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. नियम आणि शुल्क दोन्ही बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ताजी माहिती अवश्य घ्या.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेली असतील आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर गाडी या वर्गात नोंदवता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. तिथे गाडी रोज वापरता येत नाही, हे लक्षात घेऊनच तो मार्ग निवडावा. पण उद्या निवडायचा असेल, तर आज गाडीच्या तळातला गिअरबॉक्सवरचा उंचवटा, म्हणजे बोगदा, कापून पाच गिअरची गिअरबॉक्स बसवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. काही किटमध्ये कापाकापी लागत नाही असे विक्रेते सांगतात, आणि ते खरेही असेल. तरीही मूळ गिअरबॉक्स ओव्हरहॉल करून ठेवावी या मताचा मी आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न खरखरता पडू देणारी यंत्रणा, नाही, त्याची सवय आठवड्यात होते.

बाकी दोन गोष्टींचा क्रम गाडीच ठरवते. तुमची गाडी १९६७ ची आहे, म्हणजे कोणी बदल केला नसेल, तर तिचे अर्थिंग बहुधा पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे, आणि तिच्यात अल्टरनेटरऐवजी डायनॅमो आहे. तो डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि गाडी सिग्नलला उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. अशा गाडीला आधी विजेचा पंखा लावला, तर विद्यापीठ चौकातल्या कोंडीत पंखा बॅटरी खात राहतो आणि संध्याकाळी घरी जाताना ढकलायला माणसे शोधावी लागतात. म्हणून आधी अर्थिंग निगेटिव्ह करावे, मग अल्टरनेटर बसवावा, आणि पंखा त्यानंतर, तोही रिले, म्हणजे जास्त विजेचा भार पेलणारा वेगळा स्विच, लावून. अर्थिंग बदलताना आरपीएम मीटरच्या आतही बदल करावा लागतो, नाहीतर तो बंद पडतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अर्थसाठी वेगळा येतो, उलटा जोडला की तो क्षणात जातो. तेव्हा तो सगळ्यात शेवटी घ्यावा आणि जुने पॉइंट व कंडेन्सर डिकीत ठेवावेत. इंजिन तापते म्हणून पंखा हवा असेल, तर आधी रेडिएटर आतून साफ करून घ्या, कारण अर्ध्या गाड्यांचा ताप तिथेच उतरतो.

हेड अजून बसवलेले नसेल, तर एक खर्च मात्र टाळू नका. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या भरवशावर टिकत असत. त्यांत कठीण धातूच्या सीट बसवून घ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला आणि दुकानात ‘एसएई जे३० आर९’ असे छापलेलाच पाइप मागा. नाना पेठेत साधा पाइप स्वस्तात मिळतो, पण माझा एका पावसाळ्यात चिघळला होता. एसयू कार्बोरेटरच्या जेटचा नट थोडा खाली घेऊन मिश्रण किंचित दाट करावे लागेल. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट ०.०१५ इंचावर ठेवा आणि दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ येण्याचा हिशेब वापरा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आठवा लावायचा, दुसऱ्याला सातवा, याच क्रमाने. पाने इंची घ्या. मिलिमीटरच्या पान्याने नटाचे कोपरे जातात. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नका आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझ्या ब्लॉकवर आता नंबर ठोकलेला आहे आणि त्याच्या शेजारची दोन भोके मी मुद्दाम बुजवलेली नाहीत, कारण पट्टी कुठे होती हे पुढच्या निरीक्षकाला दाखवायला ती लागतील. तुमची पट्टी मिळाली की नाही तेवढे कळवा. मिळाली असेल, तर रंग पूर्ण वाळल्यावर मूळ पद्धतीच्या ठोकायच्या खिळ्यांनीच बसवा. पॉप रिव्हेट पाहिले की निरीक्षकाला शंका येते.